मानपत्राचं माप

मानपत्र केवढं असावं यावरून गावच्या मंडळाचे अध्यक्ष आणि सुतार यांची जुंपली, तेव्हा मी वाचनालयाच्या खिडकीपाशी बसून जुन्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालत होतो. माझं मत कोणी विचारलं नव्हतं. सहसा विचारत नाहीत. आणि विचारलं तरी मला उत्तर सुचेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असतो.

"तीन फूट," अध्यक्ष म्हणाले. "तीन बाय दोन. शेवटच्या रांगेतून वाचता आलं पाहिजे."

"त्यांच्या घराची भिंत बघितलीय का तुम्ही?" सुतार म्हणाला. "दाराशेजारी हातभर जागा आहे. तिथं तीन फुटांचं लावलं तर आबांना घरात आडवं होऊन शिरावं लागेल."

"मागच्या भिंतीला लावतील."

"मागच्या भिंतीला धान्याची पिंपं आहेत."

"तू लाकडाचं बघ रे. पिंपं कुठं सरकवायची ते आबांची सून बघेल."

"बरं. पाठीला फळी जाड घालू का पातळ?"

"जाड. गावाची वस्तू आहे. उद्या पिचली तर नाव कोणाचं जाईल?"

"माझं," सुतार पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला. "आणि टिकली तर तुमचं."

अध्यक्ष हसले. त्यांना राग येत नाही, हा त्यांचा मोठा गुण. मी एवढी वर्षं त्यांना ओळखतो. माणूस वाईट आहे असं मी कधी म्हणणार नाही. गावातले सात जण सैन्यात आहेत. त्यांच्यासाठी दर रविवारी सकाळी सभागृहात प्रार्थना व्हावी, त्यांच्या घरच्यांना गावानं मान द्यावा, ही कल्पना अध्यक्षांचीच. तीन वर्षांत एक रविवार चुकला नाही. मी यादी वाचतो, सात नावं. मग सगळे डोळे मिटतात. ही प्रार्थना खोटी नसते, हे मला इथे लिहून ठेवलं पाहिजे. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या खरोखर रडतात. सीमेवर गोळीबार झाल्याची बातमी आली होती, त्या रविवारी शिंपी सबंध वेळ गुडघ्यावर होता, आणि त्याचा तर कोणी सैन्यातही नाही.

माझं अक्षर बरं आहे, म्हणून मंडळाची पत्रं माझ्याकडे. दर महिन्याला सात पत्रं. प्रत्येकाला वेगळं लिहायचा मी प्रयत्न करतो, पण शेवटचं वाक्य सगळ्यांना एकच असतं: 'आपण निश्चिंत असावे, संपूर्ण गाव आपल्या घराच्या पाठीशी उभे आहे.' हे वाक्य जमायला मला दोन दिवस लागले होते. आधी 'कुटुंबाच्या' लिहिलं होतं, ते खोडून 'घराच्या' केलं. मला ते वाक्य आवडायचं. आता ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

गावातलं दुसरं लिखाणही माझ्याकडेच होतं, ते पाण्याच्या तक्त्याचं. आमच्या पाटावर बावीस शेतं आहेत. रोज दोघांना पाणी, एकाला सकाळी नऊ ते एक, दुसऱ्याला एक ते पाच. म्हणजे प्रत्येकाचा वार अकरा दिवसांनी येतो आणि दर खेपेला बदलतो. पाटात आडवी घालायची मोठी फळी एकच. ज्याचं पाणी असेल त्यानं ती आपल्या दारापुढे, म्हणजे शेतात पाणी शिरायच्या तोंडाच्या खाली, पाटात रोवायची, दाराची लहान फळी काढायची, आणि पाणी शेतात वळवायचं. त्याचं झालं की मोठी फळी पुढच्याच्या दाराशी जाते. आणि एक नियम: वेळ सुरू झाल्यावर अर्ध्या तासात माणूस दाराशी हजर नसेल, तर पाणी पुढच्या शेताचं. मागाहून तक्रार नाही, भरपाई नाही. हा नियम झाला त्या बैठकीत एकाचं डोकं फुटलेलं होतं, त्यामुळे तो पटकन मंजूर झाला.

या नियमाच्या बाजूनं सगळ्यात आधी हात वर केला होता फौजिणीनं.

फौजीण म्हणजे माझ्या शेजारच्या आबांची सून. तिचा नवरा लग्नानंतर वर्षभरात भरती झाला, तेव्हापासून गाव तिला फौजीण म्हणतं. मी सूनबाई म्हणतो. घरात ती आणि आबा. आबांना एका डोळ्यानं दिसतं, तेही सकाळच्या उन्हात. दोन एकर जमीन ती एकटी बघते. नियमाच्या दिवशी ती बैठकीत म्हणाली होती, "नियम नव्हता तेव्हा ज्याचं फावडं मोठं त्याचं पाणी होतं. माझं फावडं लहान आहे. मला नियम बरा."

तर सत्कार फौजिणीचा ठरला होता. शहरातून एक निवृत्त अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते. रविवार, सकाळी नऊ. मी कार्यक्रमाची सूचना सुवाच्य अक्षरात लिहिली आणि वाचनालयाच्या बाहेरच्या फलकावर लावली. फलकावर त्या महिन्याचा पाण्याचा तक्ता होता. तोही मीच लिहिलेला. दोन्ही कागद एकाला एक चिकटून आठ दिवस तिथे होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचत होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

शनिवारी दुपारी ती आली. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले होते, म्हणून आत न येता खिडकीशी उभी राहिली.

"काका, उद्याचं किती वाजता संपेल?"

"साडेदहा-अकरा. पाहुणे आहेत ना. का गं?"

"नऊ वाजता माझं पाणी आहे."

मी उठून बाहेर गेलो, फलक पाहिला. माझ्याच अक्षरात एका कागदावर तिचं पाणी होतं, दुसऱ्यावर तिचा सत्कार. तोच दिवस, तोच तास.

"गहू दुधात आलाय," ती म्हणाली. "आत्ता दाण्यात जे भरेल ते भरेल. अकरा दिवस थांबलं तर नुसती टरफलं उरतील. आणि हे कापणीला सुटी घेऊन येणार आहेत. आल्यावर दाखवायला काही तरी नको का?"

"मग उद्या येऊ नकोस. मी सांगतो त्यांना."

"नाही आले तर म्हणतील शेफारली. गावानं मान दिला आणि हिला चार वाफे जड झाले." तिनं मनगटावरचा वाळका चिखल खरवडला. "आणि यांना तुम्ही कळवलंय ना सत्काराचं? फोनवर म्हणत होते, फोटो पाठव. खूप खूश आहेत. तुम्ही फक्त अध्यक्षांना विचारा, काही करता येतंय का."

मी गेलो. तसं कोणाच्या दारी जाऊन काही मागणं मला जमत नाही. रस्त्यात मी वाक्य दोनदा जुळवलं. अध्यक्ष अंगणात खुर्च्या मोजत होते.

"अहो, एवढंच ना?" ते म्हणाले. "तिच्यानंतर पाणी माझंच आहे. माझा गडी सकाळपासून पाटावरच असतो. तो धरेल तिचं दारं, फळी लावून पाणी वळवेल. तिला म्हणावं, निवांत ये, मागे वळून बघूसुद्धा नकोस. सैनिकाच्या बायकोला आपण पाण्यासाठी उभं करायचं का?"

मला फार बरं वाटलं. 'गड्याला सांगितलंय ना?' एवढंच विचारायचं राहिलं. म्हणजे राहिलं असं नाही. ते तोंडाशी आलं होतं. पण ते पुन्हा खुर्च्या मोजायला लागले होते आणि त्यांचा आकडा चुकेल असं वाटून मी गप्प बसलो.

रविवारी पाहुणे दहाला आले. तोपर्यंत सगळं गाव घामाघूम होऊन बसलं होतं. मंचावर मधल्या खुर्चीत फौजीण, शेजारी आबा. तिनं ठेवणीतले कपडे घातले होते आणि नव्या चपला चावत होत्या म्हणून त्यांचे मागचे पट्टे टाचेखाली दुमडले होते. समोर टेबलावर ते मानपत्र. सुतारानं काम चोख केलं होतं. शिसवीसारखी गडद चौकट, जाड पाठ. आत माझं अक्षर. तिच्या नवऱ्याचं नाव मी लाल शाईनं मोठं काढलं होतं आणि खाली ओळी काळ्या. चौकटीला काच मात्र नव्हती. काच बसवायला वेळ झाला नाही, ती मागाहून बसवू, असं सुतार म्हणाला.

आमचं सभागृह उंचवट्यावर आहे. मंचावर बसलेल्याला उजवीकडच्या खिडकीतून पाट दिसतो आणि पाटाखालची शेतं दिसतात. ती तिकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो.

अध्यक्ष बोलले. पाहुणे बोलले. पाहुण्यांचं भाषण चांगलं होतं. सीमेवर रात्री पहारा देणाऱ्याला थंडी वाजत नाही, तर घरची काळजी वाजते, असं काहीतरी ते म्हणाले, आणि ते खरं वाटलं. मग मला मानपत्र वाचायचं होतं. दीड पान. लिहिताना मी त्यातला एक शब्द कमी करायला तयार नव्हतो. 'त्यागमूर्ती', 'खंबीर', 'मातीशी इमान'. वाचताना मान वर केली तेव्हा दिसलं की सूनबाई खुर्चीच्या कडेवर आली आहे. मी खिडकीतून पाहिलं. तिच्या शेतात काही चमकत नव्हतं. पुढच्या शेतात, अध्यक्षांच्या, वाफ्यावाफ्यांतून पाणी लखलखत होतं.

मी थांबलो. लोकांना वाटलं मला भरून आलं. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

तिनं वाकून अध्यक्षांना काहीतरी विचारलं. मी दोन पावलांवर होतो, म्हणून ऐकू आलं.

"तुमच्या गड्याला सांगितलं होतंत ना?"

अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला. ते विसरले होते. मी शपथेवर सांगेन, फक्त विसरले होते. खुर्च्या, पाहुणे, चहा यात राहून गेलं. पण ते म्हणाले, "ताई, पाहुणे बसलेत. आता प्रार्थना झाली की लगेच."

"लगेच म्हणजे कधी?"

"बस गं," आबा म्हणाले. त्यांना वाटलं ती लाजतेय.

प्रार्थना सुरू झाली. मी सात नावं वाचली. सगळ्यांनी डोळे मिटले. अध्यक्षांनी हात जोडून मोठ्यानं म्हटलं, आमचे जवान सुखरूप राहोत, त्यांच्या घरात काही कमी न पडो. मी डोळे मिटले नव्हते. सूनबाई उठली. नव्या चपला काढून तिनं खुर्चीखाली सारल्या. टेबलावरचं मानपत्र उचललं, काखेत मारलं, आणि तीनशे मिटलेल्या डोळ्यांसमोरून मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. पाहुण्यांनी डोळे उघडले तेव्हा मधली खुर्ची रिकामी होती.

मी तिच्यामागे गेलो. का गेलो माहीत नाही. पोचलो तेव्हा मला धाप लागली होती आणि ती पाटात गुडघाभर पाण्यात उभी होती.

अध्यक्षांचा गडी बांधावर फावडं टेकून उभा होता. "वहिनी, मी साडेनवापर्यंत वाट बघितली," तो म्हणाला. "वर पाच मिनिटं जास्तच. मग फळी आमच्या दाराशी नेली. नियम आहे."

"नियम बरोबर आहे. तू काही चुकला नाहीस."

"मला कोणी बोललंच नाही तुमचं दारं धरायचं. बोलले असते तर धरलं नसतं का?"

"धरलं असतंस. तू बाजूला हो जरा, शिंतोडे उडतील."

तिनं आपल्या दाराची लहान फळी उपसून काढली. मग मानपत्र दोन्ही हातांनी धरून दाराच्या खालच्या बाजूला पाटात आडवं रोवलं. तीन फूट. पाट तेवढाच. तिनं वरून पाय दिला, दोन्ही कडांना चिखल थापला, आणि पाणी क्षणभर घोटाळलं, मग मागे फुगलं आणि तिच्या दारातून आत शिरलं. पुढे अध्यक्षांच्या शेताकडे जाणारा पाट हळूहळू उघडा पडला.

मजकुराची बाजू येणाऱ्या पाण्याकडे होती. पाणी चढलं तशी काळी शाई सुटली. आधी तारीख गेली, मग 'खंबीर', मग 'त्यागमूर्ती'. लाल नाव सगळ्यात वर होतं, ते पाण्याच्या वर बोटभर कोरडं राहिलं.

तोवर मागोमाग निम्मं गाव आलं. पुढे अध्यक्ष, त्यांच्याबरोबर पाहुणे. अध्यक्षांनी आपल्या कोरड्या पडत चाललेल्या पाटाकडे पाहिलं, मग मानपत्राकडे.

"काढ रे ते," ते गड्याला म्हणाले. "गावाचा मान आहे, पाण्यात काय घातलाय."

गडी वाकला. लाल नाव त्याच्या डोळ्यांसमोर आलं असेल. तो उभा राहिला. "मालक, मी नाही हात लावत. तुम्ही काढा."

अध्यक्ष एक पाऊल पुढे गेले. पाहुणे फक्त त्या नावाकडे बघत होते आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप विजारीच्या शिवणीला लागले होते, सैनिकाचे लागतात तसे. लोकही बघत होते. शिंपी कोणाला तरी म्हणाला, "आता काढायचं म्हणजे त्या पोराला पाटातून ओढून काढल्यासारखं दिसेल." ते अध्यक्षांना ऐकू गेलं.

ते थांबले. मग हसले. "राहू दे," ते मोठ्यानं म्हणाले. "एक वाजेपर्यंतचं पाणी गावातर्फे आपल्या ताईला. टाळ्या वाजवा की." आणि लोकांनी वाजवल्या. मंडळाच्या चिटणिसानं फोन काढला, पाहुण्यांना आणि अध्यक्षांना तिच्या शेजारी बांधावर उभं केलं, आणि मागे सगळं गाव येईल असा फोटो घेतला. ती पाटातून बाहेर आली नाही. फोटोत ती सगळ्यांच्या कमरेइतकी दिसते.

तेव्हा बारा वाजायला आले होते. एक वाजता पाणी परत अध्यक्षांच्या शेताकडे सोडायचं होतं, कारण एकपासून ते खरोखरच त्यांचं होतं. बारा वाफ्यांतले चार भिजले होते. तिनं मानपत्र उपसून बांधाला टेकवलं. मला म्हणाली, "काका, तुमचं अक्षर गेलं. वाईट वाटून घेऊ नका."

पुढे अकरा दिवस ऊन पडलं. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही त्या शेतात रेघ मारल्यासारखी दिसायची. चार वाफे जड, मान टाकलेले. आठ वाफे ताठ, कारण ओंबीत वजनच नव्हतं. मी ओंबी चोळून पाहिली. तळहातावर टरफलं आणि मुंगीएवढे दाणे राहिले.

"चार वाफ्यांचं घरापुरतं होईल," ती म्हणाली. "बाकीचं गुरांना. हे आले की एका दिवसात उरकेल. त्यांचा हात विळ्यावर चांगला बसतो."

ती कापणीचे दिवस मोजत नव्हती, सुटीचे मोजत होती. ते मला कळत होतं.

मग पत्र आलं. टपाल वाचनालयात येतं. पाकिटावर मंडळाचं नाव होतं, म्हणून मी उघडलं आणि उभ्यानंच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. नंतर ते घेऊन शेजारी गेलो. सूनबाई ओट्यावर विळ्यांना धार लावत होती, दोन विळे, एक तिचा, एक त्याचा.

"त्यांचं आहे?" ती म्हणाली. "वाचा."

मी वाचलं. त्यानं लिहिलं होतं, फोटो मिळाला. बांधावर सगळं गाव उभं आहे, साहेब उभे आहेत, आणि मधे ही पाण्यात उतरून काम करतेय. इथे सगळ्यांना दाखवला. माझ्याबरोबर एक जण आहे, त्याची आई एकटी आहे आणि तिच्या शेतात यायला कोणी नाही. कापणीची सुटी एकालाच मिळणार होती. आपण दर महिन्याला पत्रात लिहिता, की संपूर्ण गाव आपल्या घराच्या पाठीशी उभे आहे. ते मी त्याला वाचून दाखवलं आणि माझी सुटी त्याला दिली. त्याच्या घरी कोणी नाही. माझ्या घरी सगळं गाव आहे.

तिच्या हातातला विळा दगडावर तसाच राहिला. आतून आबांनी विचारलं, "काय लिहितोय?"

"खुशाल आहेत," तिनं सांगितलं. मग मला, हळू आवाजात, "त्या माणसाच्या आईला बरं वाटलं असेल."

"मी त्याला खरं काय ते कळवू? आजच लिहितो."

"काय कळवणार? सुटी दिली ती दिली. पहाऱ्यावर उभं असताना डोक्यात गहू नको." तिनं त्याचा विळा पुसून परत पोत्यात गुंडाळला. "रविवारी वाचा ते तिथं. त्यांनी गावाला लिहिलंय. लपवायचं कशाला?"

रविवारी अध्यक्षांनी स्वतः वाचलं. त्यांचा आवाज वाचता वाचता खरा कातर झाला. 'माझ्या घरी सगळं गाव आहे' या ओळीला लोक उभे राहिले. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. सुतार म्हणाला, हे पत्र चौकटीत घालून इथे लावू. टाळ्या बराच वेळ चालल्या.

मग मला यादी वाचायची होती. मी सातवं नाव वाचलं आणि कागद खाली ठेवला नाही. मी म्हणालो, "उद्या सोमवारी त्यांच्या शेतात कापणी आहे. दोन एकर. कोण कोण येईल ते मला कळलं तर, म्हणजे, मी नावं लिहून घेतो."

एवढं बोलायला मला फार वेळ लागला असावा.

"उद्या?" शिंपी म्हणाला. "उद्या माझं पाणी आहे."

"आमचीही कापणी तोंडावर आली," मागून कोणीतरी.

"आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, काका," सुतार म्हणाला, आणि ते चूक नव्हतं. मी कधीच काही आधी सांगत नाही.

मी पेन्सिल धरून उभा होतो. कागद कोरा होता. अध्यक्ष पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि फार मायेनं म्हणाले, "काकांनी योग्य आठवण करून दिली. चला, ताईंची कापणी नीट पार पडावी म्हणून आपण दोन मिनिटं जास्त प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटले.

सोमवारी उजाडताच मी शेतात गेलो. आबा बांधावर काठी घेऊन बसले होते, पाखरं हाकत. विळा मी चाळीस वर्षांनी हातात धरत होतो. पहिल्या मुठीतच अंगठा कापला. सूनबाईनं फडक्याची चिंधी बांधली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पेंढ्या बांधा. कापायचं माझ्याकडे."

थोड्या वेळानं अध्यक्षांचा गडी आला. स्वतःचा विळा घेऊन आला होता. दुसऱ्या टोकाला बसला आणि कापायला लागला.

"मालकांना काय सांगितलंस?" तिनं विचारलं.

"पोट दुखतंय म्हटलं."

"दुखतंय का?"

"आता दुखेल. ते अकराला या रस्त्यानं जातात."

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

अकराला अध्यक्षांची गाडी आली. गडी पेंढ्यांच्या ढिगामागे आडवा झाला. गाडी थांबली नाही, जरा हळू झाली. खिडकीतून हात बाहेर आला. "ताई, कालच्या प्रार्थनेत तुमच्यासाठी दोन मिनिटं जास्त," अध्यक्ष ओरडून म्हणाले. तिनं कपाळाचा घाम पुसता पुसता विळ्याचा हात वर केला. गाडी गेली.

दुपारपर्यंत चार वाफे संपले. पुढे ते आठ. मला वाटलं ती ते गुरं सोडून चारून टाकेल. त्यात कापण्यासारखं काही नव्हतं. तिनं पाणी प्यायलं, गडव्यातलं उरलेलं आबांना दिलं.

"काका, या महिन्याचं पत्र कधी लिहिणार?"

"या आठवड्यात."

"ते शेवटचं वाक्य लिहू नका त्यांना."

"नाही लिहिणार," मी म्हणालो. "मग काय लिहू?"

तिनं थोडा विचार केला. "गहू कापला, एवढं लिहा."

आणि ती रिकाम्या ओंब्यांच्या पहिल्या वाफ्यात वाकली. तेवढाच बुंधा ठेवून, तेवढ्याच मापाची मूठ धरून कापत गेली, जशी भरलेल्या वाफ्यांतून गेली होती. मी मागून पेंढ्या बांधत होतो. त्या इतक्या हलक्या होत्या, की दोन-दोन एकदम उचलता येत होत्या.